तळ्याकाठचा भाकरतुकडा

लंकाबाईला बसायचं कसं ते येत नव्हतं. म्हणजे सायकलच्या सीटवर ती उन्हातान्हाची दिवसभर बसायची. पण हाताला काही काम नसताना नुसतं बसायचं, हे तिला उभ्या जन्मात कोणी शिकवलं नव्हतं. नांदूर मध्यमेश्वरच्या तळ्याकाठी चौघी सायकलवाल्यांनी एक दिवस विसावा घ्यायचं ठरवलं, तर या बाईने सकाळीच सगळ्यांचे कपडे धुतले, चारही सायकलींच्या साखळ्यांना तेल दिलं, ज्या शेतकऱ्याने पडवीत उतरायला जागा दिली होती त्याचं अंगण झाडलं, आणि वर त्याच्या बायकोच्या हातातली मेथीची जुडी ओढून घेऊन निवडायला बसली.

"मावशी, आज आराम आहे आपल्याला," शुभांगी म्हणाली.

"मंग आरामच करते ना! मेथी निवडणं काय काम हाय व्हय?"

शुभांगी नाशिकच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका. गोदावरी जिथं समुद्राला मिळते तिथं सायकली रेल्वेने न्यायच्या आणि नदीच्या कडेकडेने उलटं नाशिकला यायचं, हे खूळ तिच्याच डोक्यातलं. बरोबरच्या दोघी शहरातल्या, गिअरच्या सायकली असलेल्या. चौथी लंकाबाई, मखमलाबादच्या फुलमळ्यातली, केस पिकलेली, आणि तिची सायकल काळी, दांडीची, मागे भलंमोठं कॅरियर असलेली. त्या दोघींतल्या रूपालीचा गुडघा सुजला नसता तर आजच त्या घरी पोचल्या असत्या. आता घर एका सकाळच्या वाटेवर आलं होतं. लंकाबाईला आनंद व्हायला हवा होता, पण खरं सांगायचं तर तिला भीती वाटत होती.

त्या काळ्या सायकलचीही एक गोष्ट आहे. लंकाबाई लग्न होऊन आली तेव्हा सायकल घरात होती आणि चालवणारं कोणी नव्हतं. सासऱ्यांनी ती फुलांच्या पाट्या वाहायला घेतलेली. पण पुंजा, म्हणजे लंकाबाईचा नवरा, दोनदा पाण्याच्या पाटात पडला आणि पुन्हा त्याने हँडलला हात लावला नाही. लंकाबाई मात्र माहेरी भावाची सायकल चोरून चालवून तरबेज झालेली. मग काय, झेंडू-शेवंतीच्या पाट्या कॅरियरला बांधून पहाटे ती बाजारात जायची आणि पुंजा मागून चालत यायचा. फुलं खपली की रिकाम्या पाट्या एकात एक घालून हँडलला अडकवायच्या आणि येताना कॅरियरवर पुंजा बसायचा. घरात सासू-सासरे, मळ्यात मजूर; नवरा-बायकोला चार शब्द बोलायला जागा कुठली? जो काही संसार झाला तो त्या कॅरियरवर. पुंजा एरवी मुलखाचा घुम्या, पण मागे बसला की बोलायचा. तिच्या पाठीशी बोलायचा म्हणून असेल.

आणि मग एके दिवशी पारावरून कोणीतरी ओरडलं, "वहिनी, पाटीतलं येवढं एकच फूल इकलं नाय का आज?"

अख्खा पार हसला. लंकाबाईलाही हसू आवरलं नाही. पुंजा तेवढा हसला नाही. दुसऱ्या दिवसापासून तो बाजारातून चालत घरी येऊ लागला. तिने किती विनवलं, रागावली, एकदा तर त्याच्या बरोबरीने सायकल हातात धरून चालत आली. पण गडी बधला नाही. पुढे फुलं टेम्पोने जाऊ लागली, सायकल गोठ्यात टांगली गेली, आणि पाठीमागचं ते बोलणंही बंद पडलं.

शाळेच्या कार्यक्रमासाठी हार घ्यायला आलेल्या शुभांगीने एकदा तिला तीच सायकल काढून गिरणीतून दळण आणताना पाहिलं आणि बरोबर चला म्हणून पिच्छाच पुरवला. पुंजा एवढंच म्हणाला, "जायचं तर जा." निघायच्या दिवशी मात्र तो मळ्यात पाणी धरायला गेला, तो आलाच नाही. लांब निघालेल्या माणसाच्या हातावर घरच्यांनी दही ठेवायचं असतं. सासू-सासरे कधीच वारलेले, मुलगा-सून पुण्याला. शेवटी लंकाबाईने स्वतःच स्वतःच्या तळहातावर दही घेतलं आणि चाटून सायकल काढली. ते दही तिला अख्ख्या वाटेत आंबट लागत राहिलं.

आता उद्या पुन्हा तोच उंबरा. लांबून आलेलं माणूस तसंच आत घेत नाहीत. घरच्या कोणीतरी भाकरीचा तुकडा आणि पाणी ओवाळून बाजूला टाकायचं, डोळ्यांना पाणी लावायचं, मग आत. पुंजा दवाखान्यातून आला तेव्हा तिने हे केलं होतं. मुलगा पहिल्यांदा सुट्टीला आला तेव्हा केलं होतं. तिच्यावरून कोणी ओवाळायची वेळच आली नव्हती, कारण ती कधी कुठे गेलीच नव्हती.

दुपारी तिने हिय्या करून फोन लावला.

"आज नांदूरच्या तळ्याकाठी हाय आमी. उद्या येते दुपारपर्यंत."

"बरं."

"दाराशी ऱ्हाल ना?"

पलीकडे विहिरीवरच्या मोटरीचा आवाज चालू होता, तो बंद झाला. मग पुंजा म्हणाला, "उद्या मी दाराशी नसंल." आणि फोन बंद.

लंकाबाई मेथीच्या ढिगापाशी परत आली आणि निवडता निवडता काड्या चुलीकडच्या टोपलीत आणि पानं केरात टाकू लागली. शुभांगीच्या ते ध्यानात आलं. तिने खोदून विचारलं तेव्हा बाईचा बांध फुटला. "मावशी, आम्ही तिघी आहोत ना! आम्ही ओवाळू," शुभांगी म्हणाली.

"तसं नसतंय, पोरी. घरच्यानं करायचं असतंय ते." तिने पदराने नाक पुसलं. "उद्या तुमी व्हा पुढं. मी सायखेड्याला बहिणीकडं थांबते दोन दिस."

मग ती खरोखरच बसली. तळ्याच्या बांधावर, हात मांडीत घेऊन. पाण्यावर पाखरांचे थवेच्या थवे उतरत होते, उठत होते, त्यांचा कलकलाट चालला होता. दिवसभर शुभांगीला जे जमलं नाही ते दुःखाने करून दाखवलं. बाई स्वस्थ बसली.

दिवस मावळायला आला तेव्हा बांधावरून एक माणूस येताना दिसला. पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी, आणि पाऊल असं टाकत होता, की जणू वाफ्यातली रोपं चुकवतोय. लंकाबाईने तोंड ओळखायच्या आधी ती चाल ओळखली. ती उठून उभी राहिली, पण पुढे जायचं तिला सुचलं नाही.

पुंजा जवळ आला. दोन बस बदलून आणि फाट्यापासून चालत आल्याने पार घामाघूम झाला होता. इकडेतिकडे पाहून तो हळूच म्हणाला, "त्या पोरींना म्हणावं, जरा तिकडं पाखरं बघा."

पोरी शहाण्या. आधीच पाठ फिरवून उभ्या राहिल्या.

पिशवीतून तांब्या निघाला आणि फडक्यात बांधलेली भाकरी. एका अंगाला कोळसा, दुसऱ्या अंगाला कच्चं पीठ. कोणी केली ते विचारायची गरज नव्हती.

"उंबरा कुठंय?" पुंजाने गंभीरपणे विचारलं.

लंकाबाईने बांधाला टेकवलेल्या आपल्या सायकलचा हवा भरायचा पंप काढला आणि त्याच्यासमोर जमिनीवर आडवा ठेवला. ती पंपाच्या पलीकडे उभी राहिली. पुंजाने तुकडा मोडला, पाण्यासकट तिच्यावरून ओवाळला, दोन्ही बाजूंना टाकला. तांब्यातलं पाणी बोटांनी तिच्या डोळ्यांना लावलं. तिथं आधीच पाणी होतं, ते त्याला दिसलं. मग थोडा विचार करून त्याने उरलेली भाकरी सायकलवरूनही ओवाळली.

"आता ये," तो म्हणाला, आणि ती पंप ओलांडून अलीकडे आली.

दोघं बांधावर बसली. लंकाबाई म्हणाली, "येवढं केलंत, मंग उद्या दाराशी का नाय?"

"सकाळच्या बसनं मी फुडं जातो. गावाच्या अलीकडं उतरून उभा ऱ्हातो. तू तिथं थांब."

"कशाला?"

"मागं बसाया." पुंजा पाण्याकडे पाहत होता. "तुझ्या मागं बसून आलो, तर दाराशी वोवाळाया कोण ऱ्हाईल? घरात दुसरं हाय कोण? म्हणून आजच उरकून घेतलं."

लंकाबाईने सायकलच्या कॅरियरकडे पाहिलं. मग तिने भीत भीत विचारलं, "आणि पारावरची माणसं?"

"असू दे की. इचारलं तर सांग त्यांना," पुंजा म्हणाला, "ते फूल अजून इकलं नाय म्हणून."

लंकाबाईने उंबऱ्याचा पंप उचलला आणि मागच्या चाकात हवा भरायला घेतली.