सिंहगडापर्यंतची खोली

आपल्या बेडरूममध्ये खुर्ची टाकून वीस मिनिटं डोळे मिटून बसणारा परका माणूस तुम्ही घरात घ्याल का? आम्ही घेतला, वर त्याला चहाही दिला. कटऑफकाका एसी दुरुस्तीला आले की आधी मशीनला हात लावायचे नाहीत. नुसतं ऐकायचे. मध्येच कोणी विचारलंच, "काका, सापडलं का काही?" तर डोळे न उघडता म्हणायचे, "सापडलं. या घरात फार बोलतात."

खडकीच्या दारूगोळा कारखान्यात त्यांनी उभी नोकरी थंडाव्याची यंत्रं सांभाळण्यात घालवली होती. त्यामुळे आमच्यासारख्यांच्या एसीबद्दल त्यांना फारसा आदर नव्हता. "तिथं गारवा गेला तर छप्पर उडायची भीती. तुमच्याकडे फार तर तोंडावरची पावडर उतरते."

'कटऑफ' हा त्यांचा आवडता शब्द, म्हणून हे नाव. "खोली गार झाली की थर्मोस्टॅटनं खूण करायची आणि मशीननं टक् करून गप्प बसायचं. याला म्हणतात कटऑफ. ते गप्प बसत नसेल, तर दोष माणसाचा, खोलीचा किंवा मशीनचा. मी याच क्रमानं बघतो." हा नियम ते एसीपुरता ठेवत नसत. आमच्या सोसायटीचे अध्यक्ष जिन्यात त्यांना गाठून पाणीप्रश्नावर बोलू लागले, तेव्हा काका मला सर्वांदेखत म्हणाले, "यांचा थर्मोस्टॅट बघून घ्या."

ते आमच्याकडे पहिल्यांदा आले ते अण्णांमुळे. अण्णा म्हणजे माझे सासरे. धायरीत त्यांच्या ज्वारीच्या रानावर बिल्डरनं इमारती उठवल्या आणि त्यातल्याच एका पहिल्या मजल्यावर आम्ही राहायला आलो. जुन्या बांधावरचं चिंचेचं झाड तेवढं पार्किंगच्या कडेला उरलं होतं. त्या वर्षी अण्णांना हृदयाचा त्रास झाला. डॉक्टरांनी बजावलं, उन्हाळ्यात यांना गार ठेवा. नवरा ऑनसाइट, न्यूजर्सीत. त्यानं फोनवरून एसी ठरवला, मी बसवून घेतला, यादीत बरोबरची खूण केली.

एसी आला आणि अण्णांचं बोलणं बंद झालं. मशीनचं मात्र अखंड चालू. दुपारी मी बँकेतून फोन केला की मागे घरघर, संध्याकाळी घरी आले तरी घरघर, आणि खोली कोमट. अण्णा अर्ध्या भाकरीवर आले होते. पलंगावर पडद्याकडे तोंड करून बसायचे. मला वाटलं, गारवा मिळत नाही म्हणून खंगताहेत. कंपनीच्या माणसानं पाच मिनिटांत सांगितलं, कॉम्प्रेसर बदला. मग कोणीतरी काकांचा नंबर दिला.

मी अकरा मुद्द्यांची यादी तयार ठेवली होती. फिल्टर धुतला, तापमान चोवीसवर, दारं लावलेली, पडदे जाड, वगैरे. काकांनी ती चष्मा लावून वाचली.

"अक्षर छान आहे. बँकेत का?"

"हो."

"तरीच. यादीत माणूस नाही."

मग वीस मिनिटं खुर्ची. नंतर त्यांनी मशीन आणि पंखा बंद करायला लावला आणि उदबत्ती मागितली.

"एसीची पूजा करायची का?" मी विचारलं.

"तुमच्या यादीची. उत्तरपूजा."

पेटती उदबत्ती घेऊन ते खोलीच्या कडेकडेनं फिरले. धूर सगळीकडे सरळ वर जात होता. पडद्यापाशी आला आणि वाकला. काकांनी पडदा बाजूला केला. खिडकी दोन बोटं उघडी, आणि ती सरकून बंद होऊ नये म्हणून फटीत अडकित्ता. आठवडाभर मी जो शोधत होते, तोच.

"बाई, मशीन उत्तम आहे," काका म्हणाले. "खोली मोठी आहे."

"दहा बाय बारा आहे."

"छे. इथून सिंहगडापर्यंत आहे. एवढी गार करायला मला कारखाना आणावा लागेल."

मी अण्णांकडे पाहिलं. अण्णा शालीत शिरले. "अण्णा, तुम्ही उघडता खिडकी?"

"मग काय करू?" बऱ्याच दिवसांनी त्यांचा आवाज चढला. "समदं लावून टाकलं. खाली कोण आलं, कोण गेलं, ऐकू येत न्हाय. चिंचंखाली गाड्या लावत्यात, मुळ्या तुडवत्यात. राखण नको का करायला? रान माझं हाय!"

आता इथं सांगायला हवं की सोसायटीची सेक्रेटरी मीच होते. 'पहिल्या मजल्यावरून अज्ञात इसम पार्किंग करणाऱ्यांना शिव्या देतो' अशी लेखी तक्रार पंधरा दिवस माझ्या फायलीत होती. मी चौकशीसाठी दोन सभासद नेमले होते. तसं काकांना सांगूनही टाकलं.

काका पलंगावर अण्णांशेजारी बसले. यंत्रापाशी बसत तसेच, गप्प. मग म्हणाले, "अण्णा, राखणदार दुपारी पाठ टेकतो की नाही?"

"टेकतो की. माणूसच हाय."

"मग बारा ते चार खिडकी लावायची. तेवढा वेळ राखण मशीन करील. चारनंतर मशीनची सुट्टी, रान तुमचं." माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि तुम्ही यांना खिडकीशी खुर्ची द्या. पडद्याआडून शिव्या देणं बरं दिसत नाही."

त्या संध्याकाळी चार वाजता अण्णा खुर्चीत बसून, तोंड दाखवून ओरडले. रात्री दीड भाकरी खाल्ली. डॉक्टरांनी पुढच्या तपासणीत मान डोलावली आणि श्रेय गोळ्यांना दिलं.

अण्णांना त्यानंतर आणखी सहा उन्हाळे मिळाले. दर मार्चमध्ये काका यायचे. आधी अण्णांना बघायचे, मग खिडकी, शेवटी मशीन. अण्णा गेल्यावरच्या मार्चमध्येही आले. रिकाम्या खुर्चीकडे पाहून त्यांनी चहा नको म्हटलं, ते पहिल्यांदाच. जाताना जिन्यात कठडा धरून थांबले. "आता दोन पायऱ्यांत मीच कटऑफ होतो," म्हणाले. पुढच्या मार्चला मी फोन केला, तेव्हा त्यांच्या सुनेनं उचलला. माझ्या वहीत त्यांच्या नावापुढे कसली खूण करायची ते मला कळेना. मी ती ओळ तशीच ठेवली आहे.

गेल्या वर्षी नवा एसी घेतला. एप्रिलमध्ये तो दिवसभर चालू. कंपनीचा माणूस म्हणाला, "मॅडम, हा इन्व्हर्टर आहे. कटऑफ होतच नाही. कमी वेगानं चालूच राहतो."

मी खुर्ची ओढली आणि डोळे मिटले.

"मॅडम, बरं वाटत नाहीये का?"

"तुम्ही फार बोलता," मी म्हणाले.

वीस मिनिटं काही मला जमली नाहीत, मी चौथ्यालाच उठले आणि पडदा बाजूला केला. खिडकी दोन बोटं उघडी. फटीत माझ्या नवऱ्याच्या चष्म्याचं घर.

न्यूजर्सीत बारा वर्षं काढून परत आलेला, आता निवृत्त झालेला माझा नवरा दारात उभा होता. "अगं, बघतेस काय," तो म्हणाला, "चिंचेखाली परत कोणीतरी गाडी लावलीय."