कोपऱ्यातला लोड

रविवारी सकाळी तामोचे दोन्ही हात मनगटाच्या वरपर्यंत कणकेत होते. तिचा नवरा बूशता चटईवर बसून पावाचा तुकडा ऑलिव्हच्या तेलात बुडवत होता आणि रेडिओवरच्या बातम्या सांगणाऱ्याला उलट उत्तरं देत होता. एवढ्यात दार वाजलं. तीनदा वाजलं, जरा थांबलं, पुन्हा तीनदा वाजलं.

"दूधवाला नाही हा," बूशता म्हणाला. "तो मेला एवढी घाई कधी करतो?"

तामोनं कोपरानंच कडी सरकवली. दारात लल्ला झहूर उभी होती; मोठ्या घरच्या बाईला मानानं लल्लाच म्हणायचं. गल्लीच्या टोकाला निळ्या दरवाज्याचं मोठं घर आहे, त्या घरची, हाज मक्कीची बायको. निरोप द्यायला मोलकरीण पाठवायची सोडून ती स्वतः आली होती, तीही घरातल्या सपाता घालून, डोक्याचा रुमाल वाकडा बांधून. काखेत तिनं एक लोड धरला होता. डाळिंबी रंगाचा, जरीच्या कापडाचा, कोरा करकरीत.

"तामो, ह्याचा वास घे."

'सलाम' नाही, 'कशी आहेस' नाही. तामोचे हात कणकेचे, म्हणून तिनं गालच लोडाला टेकवला. कापड थंड लागलं. आणि त्या थंडपणामागून जो वास आला तो सांगायला नको. पावसात भिजलेला मेंढा कुणी उदाच्या धुरात उभा केला तर येईल तसा.

"ऊद कुणी जाळला?" तामोनं विचारलं.

"मीच. रात्रभर. वाटलं, जाईल."

"वास गेला नाही, लल्ला. त्याला सोबत मिळाली."

आतून बूशता खो-खो हसला. झहूर हसली नाही. उंबऱ्यातच मटकन बसली. तिचा चेहरा पाहून तामोनं दाराआडच्या फडक्याला हात पुसले.

झालं होतं असं. झहूरच्या धाकट्या लेकीला, बुश्राला, नदीपलीकडच्या रबातहून मागणी येणार होती. आजच, उतरत्या दुपारच्या अस्रच्या नमाजानंतर. येणार होती मुलाची आई लल्ला केन्झा, आणि तिच्याबरोबर घरातल्या चार बायका. ही केन्झा एका लग्नात सगळ्यांदेखत म्हणाली होती, "स्पंजाच्या लोडाला टेकलं की मला बसच्या थांब्यावर बसल्यासारखं वाटतं." हे झहूरच्या कानी आलं, आणि तिनं ठरवलं, लोड भरायचे ते लोकरीचेच. लोकर आणली, धुतली. इथपर्यंत सगळं ठीक. पण चार वर्षांपूर्वी थोरल्या लेकीच्या वेळी तिनं लोकर गच्चीवर वाळत घातली होती. गच्चीवर पांढरी लोकर दिसली की सगळ्या गल्लीला लग्नाचा वास लागतो. शब्द दिला-घेतला जायच्या आधीच बायका अभिनंदनाला आल्या, आणि महिनाभरात ते लग्न मोडलं. झहूरच्या मते दृष्टच लागली. म्हणून या खेपेला तिनं लोकर मागच्या खोलीत, खिडक्या लावून, चादरी अंथरून वाळवली. दोन दिवस समुद्रावरून धुकं येत होतं. वरून हात लावला तर कोरडी वाटली. शनिवारी शिवणाऱ्याला बोलावून अठ्ठावीस लोड भरून, शिवून, भिंतीला लावूनही झाले. आणि आज पहाटे बैठकीचं दार उघडलं तर हा मेंढा.

"मला का नाही बोलावलंत?" तामोनं विचारलं. उत्तर तिला ठाऊक होतं.

झहूर लोडाच्या शिवणीवरून बोट फिरवत राहिली. "कुणालाच कळू द्यायचं नव्हतं गं."

तामो गाद्या भरणाऱ्याची लेक. बाप तिला लहानपणी कामावर घेऊन जाई. लोकर वाळली की नाही हे हातानं नाही, गालानं कळतं, हे त्यानंच शिकवलं. भरलेल्या लोडावर तळहात मारायचा. भाजलेल्या पावाच्या बुडावर टिचकी मारल्यासारखा आवाज आला तर ठीक, नाहीतर उसवायचा. बाप गेला, पुढे गाद्यावाल्यांची दुकानंही गेली, पण गल्लीत बैठक सजवायची म्हटलं की तामोलाच हाक येई. कुठला रंग उजेडाच्या भिंतीला चालेल, कुठला लोड उभा ठेवायचा, कुठला आडवा, म्हाताऱ्या पाहुणीच्या कोपराखाली किती उंचीची उशी लागेल, हे ती दारातून एक नजर टाकून सांगे. तीस वर्षांत तिनं किती घरांच्या बैठका लावल्या असतील. पण पाहुणे आल्यावर त्यातल्या एकीतही ती बसली नव्हती. बसू नकोस असं कुणी कधी म्हणालं नाही. फक्त ऐन वेळी स्वयंपाकघरात काहीतरी निघे.

फक्त एकदा, चार वर्षांपूर्वी, याच झहूरच्या घरी, ती पाहुण्या यायच्या आधीच बसून राहिली होती. थोरलीच्या मागणीच्या दिवशी, स्वतः लावलेल्या बैठकीत, कोपऱ्यातल्या लोडाला टेकून. पाहुण्या आत आल्या आणि झहूर गोड आवाजात म्हणाली, "तामो, जरा केटली बघ गं." तामो उठली. केटली बघितली. मग पेले धुतले, मग मागच्या दारानं घरी आली. त्या दिवशी तिनं बूशताला सांगून टाकलं होतं, "आता त्या घरात लोड लावायला जाईन, तर बसायला म्हणूनच जाईन." बूशता म्हणाला होता, "मग उभीच राहशील जन्मभर."

आज तोच बूशता आतून म्हणाला, "काय गं, तुझी शपथ?"

"शपथ आहे तिथंच आहे," तामो म्हणाली. "कणीक झाकून ठेव, आणि तासाभरानं पाव भाजायला भट्टीवर नेऊन दे. भट्टीवाल्याशी गप्पा मारत बसू नकोस, मागल्या वेळी पावाचा कोळसा करून आणलास."

झहूरला तिनं काहीच सांगितलं नाही. लोकर ओली असताना अडवून मागितलं असतं तर तो सौदा झाला असता, आणि तिला सौदा नको होता. आधी काम. मग बोलायचं. पण आज बोलायचंच, हे तिनं चपला पायात सरकवतानाच ठरवलं.

बैठकीत बुश्रा नाकाला रुमाल लावून उभी होती. ती तामोला खाल्ती म्हणे, सख्ख्या मावशीला म्हणावं तसं.

"खाल्ती, मी सरळ सांगू का त्यांना, मला ताप आलाय म्हणून?"

"तू कात्री आण. ताप उद्या येऊ दे."

तामोनं बिस्मिल्ला म्हणून पहिल्या लोडाची शिवण उसवली. आतली लोकर गोळा झालेली, मधे अजून दमट. गाद्यांवरही तिनं गाल टेकवून बघितला. त्या जुन्या होत्या, कोरड्या खणखणीत. म्हणजे दुखणं लोडांपुरतंच होतं.

"सगळी लोकर गच्चीवर," ती म्हणाली.

झहूर दारात आडवी झाली. "गच्चीवर नाही! अख्खी गल्ली बघेल."

"लल्ला, धुकं हटलंय, ऊन पडलंय. अस्रपर्यंत हेच ऊन आहे आपल्याजवळ. गल्लीनं लोकर बघायची, की केन्झानं वास घ्यायचा? एक काय ते निवडा."

झहूरनं लेकीकडे बघितलं. मग तिनं स्वतःच पहिला गठ्ठा उचलला आणि जिना चढू लागली.

गच्चीवर चादरी पसरून तिघी लोकर मोकळी करायला बसल्या. मूठभर घ्यायची, बोटांनी विंचरत इतकी पातळ करायची की पलीकडचं दिसावं. जाड राहिली की आत ओल धरते. झहूरच्या हातातल्या बांगड्या पुन्हा पुन्हा लोकरीत अडकत होत्या. शेवटी तिनं त्या काढून जिन्याच्या पायरीवर ठेवल्या. तासाभरात शेजारच्या गच्चीवर मिना कपडे वाळत घालायला आली आणि तिच्या हातातला चिमटा हातातच राहिला.

"अगंबाई! लल्ला झहूर लोकर विंचरतेय! कुणाचं लग्न?"

झहूरनं मान खाली घातली. तामो म्हणाली, "लग्न अजून नाही. लोकर ओली आहे. तुझ्या जावांना बोलाव आणि भिंतीवरून उड्या मारा, नाहीतर होणारही नाही."

"आणि मिठाई?"

"आधी बोटं चालव. मिठाई तुझ्या तोंडाला आज लागली नाही तर माझं नाव बदल."

मिना आणि तिच्या दोन जावा आल्या. दृष्ट काढायची तर सगळ्यांच्या देखत काढावी असं म्हणत मिनानं लोकरीवरून मीठ ओवाळलं, आणि मग कोण कुणाच्या लग्नात कसं पडलं, कुणाच्या सासूनं कुठला लोड कुणाला फेकून मारला, अशा गप्पांत दुपार चढली. झहूरसुद्धा एकदा हसली. बारीक हसली, पण हसली.

तामो मात्र हसता हसता एकेक मूठ गालाला लावत होती. कोरडी ती उजवीकडे, शंका येईल ती डावीकडे. भर दुपारच्या, जोहरच्या नमाजाची अजान झाली तेव्हा उजवीकडचा ढीग तिनं नजरेनं मोजला. अठ्ठावीस लोडांची लोकर नव्हतीच. फार तर सतरा.

"बाकीचे जरा सैल भरू," झहूर म्हणाली. "थोडी दमट असली तरी आत कुणाला कळतंय?"

"हेच शनिवारी केलंत, लल्ला." तामोचा आवाज चढला नाही, पण हललाही नाही. "सतराच भरायचे. घट्ट भरायचे."

भरताना आधी कोपरे, लाकडी पळीच्या दांड्यानं लोकर कोपऱ्यात ठासून. मग पोट. मग वरून मूठ. वाकड्या सुईनं शिवण घातली की तळहात मारून आवाज ऐकायचा. मिनाचे दोन लोड तामोनं परत उसवले. मिना म्हणाली, "तुझ्यापेक्षा सासू बरी." तामो म्हणाली, "सासू परत भरायला मदत करत नाही, मी करतेय."

सतरा लोड खाली बैठकीत आले. आता भिंती तीन, आणि लोड अकरा कमी. झहूर मधोमध उभी राहून हात चोळू लागली. "बोडकं दिसेल गं. रबातच्या बायका म्हणतील, ह्यांना परवडलं नाही."

"तुमच्या लग्नातल्या निळ्या उशा कुठं आहेत?"

"त्या? पेटीत. तीस वर्षं प्लास्टिकमध्ये."

"काढा."

चौकोनी लहान उशा निघाल्या, पांढऱ्या कापडावर निळ्या रेशमाचं भरतकाम, झहूरनं मुलगी असताना स्वतः भरलेलं. घड्यांवर रंग जरा विटला होता. "डाळिंबी जरीपुढे हे जुनाट? नको बाई," झहूर म्हणाली. तामोनं उत्तर न देता समोरच्या भिंतीला सहा लोड खेटून उभे केले. बाजूच्या भिंतींना पाच पाच, मधे अंतर सोडून. त्या प्रत्येक अंतरात एकेक निळी उशी, टोकावर तिरकी. मग दारापाशी जाऊन डोळे बारीक करून बघितलं, परत येऊन दोन उशा बदलल्या. विटलेली बाजू खिडकीकडे, ताजी दाराकडे. नवं कापड भपकन अंगावर येत होतं, ते त्या निळ्यानं शांत झालं.

"आणि ऐका," ती म्हणाली, "फार लोड लावले की माणसाला गादीच्या कडेवर बसावं लागतं. कडेला बसलेल्या पाहुणीला उठून जायला वेळ लागत नाही. केन्झाला मागं टेकू द्या. मागं टेकलेली बाई दुसरा पेला घेते."

बुश्रानं तिच्या गळ्यात हात टाकले. मग एका लोडाचा वास घेतला. लोकरीला आता नुसत्या उन्हाचा वास होता.

उरला सतरावा लोड. दोन गाद्या जिथं मिळतात त्या कोपऱ्यात फट राहते, आणि बरेच जण तिथं मोठा लोड कोंबून ती झाकतात. मग कोपरा नुसता दिसायला, बसायचा नाही. तामोनं फटीत दुमडलेलं कांबळं दाबून बसवलं, लोड तिरपा मागं रेटला, पुढं एका माणसाची ऐसपैस जागा ठेवली, आणि उजव्या कोपराखाली येईल अशी सगळ्यात चांगली निळी उशी ठेवली. तिथून दोन्ही भिंतींलगत बसणाऱ्या बायका दिसणार होत्या, दारही दिसत होतं.

"खाल्ती, इथं कोण बसणार?" बुश्रानं विचारलं.

"तू तोंड धुऊन ये आधी. केसांत लोकर आहे."

अस्रची अजान झाली. मिना आणि तिच्या जावा कपडे बदलायला भिंतीवरून परत गेल्या. स्वयंपाकघरात पाण्याला आधण येत होतं. तामोनं मोरीत हातपाय धुतले, घरून आणलेला हिरवा पायघोळ काफ्तान अंगात घातला, रुमाल नीट बांधला, आणि बैठकीच्या दारात येऊन उभी राहिली.

झहूर हातात काहीतरी घेऊन आली. मानाची भेट म्हणून देतात ती, निळ्या कागदात गुंडाळलेली साखरेची ढेप, आणि त्यावर घडी केलेलं रेशमी कापड. तिच्या मनगटावर बांगड्या अजून परत आल्या नव्हत्या.

"तामो, आज तू माझी अब्रू राखलीस. हे घे. कमी वाटत असेल तर सांग. काय हवं ते माग, मी नाही म्हणणार नाही."

खालच्या दारावर कडी वाजली. गल्लीतून बायकांचे आवाज आले. झहूरची नजर सवयीनं स्वयंपाकघराकडे वळली, केटलीकडे. तामोनं ती नजर पाहिली. ढेपेला आणि कापडाला तिनं हात लावला नाही. पाऊलही मागं घेतलं नाही.

"लल्ला," ती म्हणाली, "पाहुण्या आत आल्या की मला त्या कोपऱ्यात बसायचंय. चहा आज दुसऱ्या कुणाला तरी आणायला सांगा."