बिल्डिंगचा भाव

"राग मानू नका, पण तुम्हाला दिलं की बिल्डिंगचा भाव पडतो."

मुलुंडच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी माझ्या वडिलांना हे म्हणाले. दारात उभं करून. फ्लॅट पसंत होता, मालक तयार होता. सेक्रेटरींनी फक्त आडनाव विचारलं. आम्ही बौद्ध. ते त्यांना आडनावावरून कळलं. मी एकोणीस वर्षांचा होतो. बाबा विक्रोळीच्या कारखान्यातून नुकतेच रिटायर झाले होते. घर बघायला जायचं म्हणून त्यांनी शर्टाला स्वतः इस्त्री केली होती.

बाबा म्हणाले, "बरं, साहेब."

मग जिन्याच्या पायरीवर बसून बुटाची नाडी बांधायला लागले. नाडी बांधता येईना. मी वाकलो नाही. मला लाज वाटत होती. त्या सेक्रेटरीची नाही, बाबांची. हा माझा पहिला गुन्हा.

घर झालं नाही. बाबा चाळीतच गेले.

मी ब्रोकर झालो. ज्या बिल्डिंगांनी आम्हाला दारातून परत पाठवलं, त्यांच्या किल्ल्या माझ्या खिशात हव्या होत्या. किल्ल्या मिळाल्या. त्यासाठी काय केलं ते सांगतो. व्हिजिटिंग कार्डावर फक्त पहिलं नाव छापलं. मालकांच्या घरी चहा पिताना आडनाव कधी सांगितलं नाही. आणि गिऱ्हाइकाचा फोन आला की पहिला प्रश्न तोच विचारायला लागलो. "पूर्ण नाव काय म्हणालात?" आडनाव आमच्यातलं निघालं की मोबाइलमध्ये त्या नावापुढे एनव्ही लिहायचं. विचारलं कुणी तर नॉनव्हेज. मुसलमानांच्या नावापुढेही तेच. त्यांना स्टेशनजवळच्या जुन्या बिल्डिंगा दाखवायच्या. चांगल्या फ्लॅटबद्दल विचारलंच तर सांगायचं, टोकन आलंय. म्हणजे कुणीतरी आधीच पैसे देऊन फ्लॅट धरून ठेवलाय. साफ खोटं. अकरा वर्षं मी हे खोटं बोललो. धंदा म्हणून. धंदा झकास चालला.

मागच्या वर्षी एक नर्स आली. ओळखीतून आली, म्हणून फोनवर आडनाव विचारायचं राहून गेलं. सोबत तिचे वडील. घाटकोपरला नवरा-बायको, दोन मुलं आणि हे वडील एका खोलीत राहायचे. गेटवरच्या रजिस्टरमध्ये तिने पूर्ण नाव लिहिलं आणि मी ते वाचलं. आमच्याच लोकांतलं आडनाव. तरी वर नेलं. ती स्वयंपाकघराचा ओटा वितीने मोजत होती. वडिलांना म्हणाली, "अण्णा, ही खिडकीची खोली तुमची." म्हातारा हसला.

मी गॅलरीत जाऊन मालकाला फोन लावला. नाव सांगितलं. तो म्हणाला, "आपलं ठरलंय ना यार? समोर टॉवर उभा राहतोय, आत्ता कुठे भाव चढतोय आपला. टोकन आलं म्हणून सांग आणि काढ त्यांना."

मी आत आलो. "सॉरी मॅडम. आत्ताच फोन आला, टोकन आलंय."

तिच्याआधी अण्णाच बोलले. "बरं, साहेब."

तेच दोन शब्द. तोच आवाज, कुणाला त्रास नको म्हणणारा. म्हातारा चप्पल शोधायला लागला. या वेळी साहेब मी होतो.

ती माझ्यासमोर उभी राहिली. "दादा, खरंच आलंय टोकन?"

"नाही."

"मग?"

"तुमचं आडनाव."

"तुमचं काय आहे?"

मी सांगितलं. अकरा वर्षांत त्या बिल्डिंगमध्ये पहिल्यांदा.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. हळूच म्हणाली, "म्हणजे तुम्हाला सगळं माहीत होतं." वडिलांचा हात धरून जिना उतरली. नंतर मी खूप फोन केले. तिने एकही उचलला नाही. बरोबर केलं.

त्याच दुपारी किल्ली मालकाच्या हातात दिली. म्हणालो, "टोकन आलं नव्हतं, हे मी त्यांना सांगितलं. तुमच्या सांगण्यावरून मी खोटं बोललो. आणि मी पण त्यांच्यातलाच."

तो हसला. "अरे, तू वेगळा रे."

"नाही. मीही तोच. इतकी वर्षं तुमच्या सोफ्यावर बसलो. किती पडला भाव?"

त्याने किल्ली खिशात टाकली. त्यानंतर त्या सोसायटीतून मला एकही काम आलेलं नाही.

मोबाइलमध्ये एनव्ही लिहिलेली नावं अजून आहेत. मी ती पुसत नाही. रोज त्यातल्या एकाला फोन करतो आणि सांगतो, तो फ्लॅट गेला नव्हता, मी खोटं बोललो. काही जण शिव्या देतात. मी ऐकून घेतो. माफी मागत नाही, तेवढं तोंड मला नाही. पण सोसायटीविरुद्ध तक्रार करायची असेल तर मालकाने काय सांगितलं, मी काय बोललो, सगळं लिहून सही करून देतो. आतापर्यंत दोघांना दिलं.

नवं कार्ड छापलंय. आडनाव मोठ्या अक्षरात. नवीन मालक विचारतो, "पार्टी कोण आहे?" मी आधी कार्ड पुढे करतो. त्याने ते पूर्ण वाचल्याशिवाय किल्ली घेत नाही.