बांधावरच्या देवाची अक्षरं

“बाबा, नीट आयक. रविवारी पुन्याच्या मॅडम येनार हायत, आपल्या बांधावरचा देव बगायला. त्याच्यावरची अक्षरां वाचता आली पायजेत, म्हंजे माझा काम झाला.”

“मग मी काय करू?”

“गावकीला इचारून शेंदूर तेवढा उतरवून ठेव. शनवारी मी येतंय.”

“तू घोर नको करू गो,” कमळाकर बोलला आणि फोन बंद झाला.

किमयानं हातावरचा वाळलेला चुना खरवडला. खांब गावाच्या पुढं, आत एका खेड्यात जुन्या देवळाच्या दीपमाळेची दुरुस्ती चालली होती. निखळलेले दगड बसवायचे, सांधे चुन्यानं भरायचे. पुण्यात पुरातत्त्व शिकून आलेली ही पोर पाच वर्षं अशीच कंत्राटावर राबत होती. अकरा महिने झाले की नवा कागद. गावात म्हणत, एवढं शिकून कमळाकरची पोर गवंड्यांच्यात बसली. तिथला गवंडी काळुराम चिडवायचा, “मॅडम आल्या का आमाला वलख द्याल ना बाय?”

मॅडम म्हणजे तिच्या शिक्षिका, वैशालीबाई. खाडीकाठच्या लेख कोरलेल्या शिळांची पाहणी त्यांच्याकडे आली होती, तीन वर्षांची. त्यात मदतनिसाची एकच जागा. त्या म्हणाल्या होत्या, तुझ्या गावची शिळा खरोखर जुनी निघाली तर ती तुझ्या नावानं छापू आणि जागाही तुझी.

शिळा वडखळच्या आतल्या अंगाला, खारजमिनीच्या बांधावर. कमरेएवढी, वर चंद्रसूर्य, खाली शेंदराचा जाड थर. सहा वर्षांपूर्वी थराचा एक पापुद्रा निघाला तेव्हा किमयाला चार अक्षरं दिसली होती. फोटो काढला, तर तो फोन पुढं मिठागराच्या पाण्यात गेला. पुन्हा शेंदूर लागला, आणि देवाला हात लावू द्यायला गावकी तयार होईना. कमळाकर तीन बैठकांत भांडला. देवाला उघडा करतोस काय रे, असं म्हाताऱ्यांनी त्याच्या तोंडावर विचारलं. काम झालं की पुन्हा शेंदूर चढवीन, असा शब्द देऊन त्यानं होकार मिळवला. बुधवारी नारळ फोडून थर उतरवला.

शनिवारी किमया वडखळला उतरली तर बाप नाक्यावर उभा. असा तो कधी यायचा नाही. घरी पाणीसुद्धा पिऊ दिलं नाही, तिला तडक बांधावर नेलं.

शिळा धुऊन लख्ख केली होती. सात ओळी, लांबूनही दिसत होत्या. किमया जवळ जाऊन वाकली. प्रत्येक अक्षराच्या खाचेत ताजा, करडा दगड दिसत होता.

“तीन दिस बसलो,” कमळाकर म्हणाला. “पार झिजलेली होती गो. दिसत होती ती खोल केली, नव्हती दिसत ती अंदाजानं काढली. येतात ना वाचता?”

पाथरवट गावात यायचे बंद झाले तेव्हापासून घरोघरच्या पाट्या-वरवंट्यांना टाकी लावायची ती कमळाकरनंच. झिजलेला दगड छिन्नीनं पुन्हा कामाला आणायचा, एवढं त्याला ठाऊक. आणि मऊ ब्रशाशिवाय जुन्या दगडाला काही लावू नका, हे किमया रोज मजुरांना बजावायची. बापाला सांगायचं राहिलं होतं.

तिनं ओळीन्‌ओळ बोटानं चाचपली. जुन्या हाताची एक रेघ तरी उरली असेल म्हणून बुडाची माती उकरली. तिथं छिन्नी पोचली नव्हती. तीन रेघा निघाल्या. तीन रेघांत एक अक्षरही पुरं होईना.

ती बांधावरून लांब चालत गेली, उघाडीपाशी, जिथं भरतीचं पाणी दारं लावून अडवतात, आणि मॅडमना फोन करून अक्षरं नव्यानं कोरली गेल्याचं सांगितलं. कुणी केलं, असं त्यांनी विचारलं. वडिलांनी, ती म्हणाली. मॅडम हळू बोलल्या. नावं सोमवारी पाठवायची आहेत, श्रीवर्धनच्या एका मुलाची शिळा तयार आहे, त्याचं नाव द्यावं लागेल. किमया म्हणाली, द्या.

दुपारी आई हौसानं मांदेली तळली होती. मॅडम आजारी पडल्या असं सांगायचं किमयानं ठरवलं होतं. पण तिला लांब जाऊन फोन करताना बापानं पाहिलं होतं. घास हातात धरूनच त्यानं विचारलं, “मॅडम नाय येत. माझा हात लागला म्हनून?”

“व्हय.”

“मना वाटला, तुला सोपा जाईल.”

त्यानं घास ताटात ठेवला, हात धुतले आणि मिठागराकडं निघून गेला. हौसा ताट उचलता उचलता म्हणाली, “एवरी शिकलीस, बापसाला एक गोस्ट सांगता नाय आली?”

रविवारी गावकीसमोर कमळाकरनं शब्द पाळला. तेलात कालवलेला शेंदूर तळव्यानं एकेका खाचेत दाबून बसवला, सात ओळी बुजेपर्यंत. वाटी किमयानं धरली होती.

सोमवारी दीपमाळेपाशी काळुरामनं विचारलं, “आल्या का मॅडम?”

“नाय.”

तिचा चेहरा बघून त्यानं चुन्याची पाटी पुढं सरकवली. चुना मुरला होता. किमयानं तो चिमटीत घेऊन पाहिला, आणखी थोडी वाळू घालायला सांगितली. मग ब्रश घेऊन ती परांचीवर चढली आणि दुसऱ्या थरातला सांधा झाडायला लागली.