मामाचं "अगदी बरोबर!"

माझा मामा केस कापतो. दुकान एवढंसं, की खुर्चीची पाठ मागे पाडली की दार लागत नाही. दुसरं गिऱ्हाईक आलं की त्यानं बाहेर पायरीवर बसायचं आणि आतल्या गप्पांत तिथूनच तोंड घालायचं.

मामाचा आवाज दाढीच्या कोमट पाण्यासारखा. खुर्चीतला म्हणाला, "यंदा उकाडा फार," की "अगदी बरोबर!" पायरीवरचा म्हणाला, "छे, कुठला उकाडा!" की कात्री न थांबवता, "तेही अगदी बरोबर!" वस्तरा हातात धरून वाद घालणाऱ्याकडे दाढीला येणार कोण?

अशात नवा सरकारी नियम येऊ घातला. केस कापायच्या प्रत्येक दुकानात किमान दोन खुर्च्या आणि थांबणाऱ्यांसाठी वेगळी खोली हवी. म्हणजे मामाच्या दुकानाला कायमचं कुलूप! त्याआधी छोट्या दुकानदारांचं म्हणणं ऐकायला बैठक ठेवली होती. गल्लीनं बोलायला मामालाच पाठवलं, का, तर "याचं कुणाशी वाकडं नाही." तेच तर दुखणं!

मामी वाटभर पढवत होती. "ठणकावून 'नाही' म्हणायचं. काय म्हणायचं?"

"अगदी बरोबर. 'नाही' म्हणायचं."

बैठक घेणाऱ्या सरकारी साहेबांचा आवाज लिफ्टमधून मजले सांगणाऱ्या बाईसारखा. "या नियमामुळे... तुमच्या धंद्याचा... दर्जा उंचावेल. बरोबर ना?"

मामा उठला, खाकरला. त्याची नजर साहेबांच्या वाढलेल्या केसांवर गेली आणि घात झाला.

"अगदी बरोबर, साहेब!"

"लिहून घ्या," साहेब कारकुनाला म्हणाले, "यांची... संमती आहे."

"थांबा हो!" मामी ताडकन उठली. "यांना मी विचारते. अहो, दुसरी खुर्ची आली तर तुम्ही उभे कुठे राहणार, छपरावर? हा नियम आपल्याला झेपायचा नाही, बरोबर ना?"

"अगदी बरोबर!"

"एका खुर्चीच्या दुकानांना सूट हवी, बरोबर ना?"

"अगदी, अगदी बरोबर!" मामाला आता सूर सापडला होता.

सगळी खोली हसली. साहेबांनीही हसू दाबत आधीचं खोडायला लावलं.

नियम आला, तो एका खुर्चीला सूट घेऊनच. परवा साहेब स्वतः केस कापायला आले. खुर्ची भरलेली, म्हणून पायरीवर टेकले.

"थांबायला... वेगळी खोली... हवी होती, नाही का?"

कात्री थांबली.

"नाही, साहेब," मामा म्हणाला. "खोलीत बसलात तर गप्पा ऐकू कशा येणार?"

मग पायरीवरून आवाज आला, "अगदी... बरोबर."