संगीताची लाल नखं

लेक नेलपॉलिश लावत होती. त्या वासासरशी मी कोपरगावच्या शाळेच्या मैदानावर पोचले. बेसबॉलमध्ये मी चेंडू टाकणारी पिचर, संगीता समोरून तो झेलणारी कॅचर. ती खाली बसून बोटांनी खुणवायची: एक बोट म्हणजे सरळ चेंडू, दोन म्हणजे वळणारा. मला लांबचं धूसर दिसायचं. पण चष्म्याची लाज वाटायची, म्हणून म्हणाले, "तुझी बोटंच दिसत न्हाईत."

दुसऱ्या दिवशी ती नखं लाल रंगवून आली. "आता दिसत्यात का?"

लख्ख दिसली.

संध्याकाळी तिला न्यायला आलेले वडील कडाडले, "खेळाया येती का नटाया?" तिनं माझ्याकडं पाहिलं. मी गप्प. तिचा खेळ तिथंच सुटला.

"आई, कशी दिसतायत?" लेकीनं बोटं पुढं धरली. डोळ्यांवर चष्मा होता, तरी मला धड दिसेना.