आमच्या साहेबांची शोभा

आमच्या साहेबांना स्वर्गाच्या दारात नेऊन उभं केलं, तर आत देव आहेत का हे विचारण्याआधी ते दाराला शेवटचं पॉलिश कधी झालं ते विचारतील. शिरूर-दौंड रस्त्यावर आमची माती तपासायची सरकारी प्रयोगशाळा आहे. मी तिथं माती तपासते आणि साहेब बरीच वर्षं तिथले प्रमुख होते. त्यांनी या प्रयोगशाळेसाठी काय केलं असं कुणी विचारलं, तर मी आधी कमान दाखवते. प्रयोगशाळा एकमजली आणि कमान तिच्यापेक्षा हातभर उंच. वर सोनेरी अक्षरं, खाली दोन्ही बाजूंना सिमेंटचे हत्ती. एका लग्नसराईत अख्खं वऱ्हाड बँडसकट आत शिरलं. नवरदेव घोड्यावरून उतरून थेट आमच्या परीक्षानळ्यांपर्यंत आला. साहेबांनी सगळ्यांना चहा पाजला, नवरदेवाच्या हातात नारळ दिला आणि मंगल कार्यालय पुढच्या फाट्यावर असल्याचं सांगितलं. वऱ्हाड गेल्यावर आमच्याकडे वळून म्हणाले, "बघितलंत? उगाच नाही कुणी आत येत. शोभा लागते."

शोभा हा त्यांचा लाडका शब्द. पडदे बदलायचे ते शोभेसाठी, पितळी पाट्या लावायच्या त्या शोभेसाठी, आणि पाहुणे येणार असले की ड्रायव्हरनंसुद्धा पांढरा कोट घालायचा तोही शोभेसाठीच. शोभा येणं आणि शोभा होणं यात आपल्या भाषेत केवढं अंतर आहे, हे आम्हां सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे तो शब्द निघाला की आम्ही एकमेकांकडे बघायचं टाळत असू.

बागेसाठी त्यांनी कोकणातून ट्रकभर तांबडी माती आणवली, तेव्हा तर मला राहवलं नाही. चहूकडे काळं रान, आपण मातीची प्रयोगशाळा, आणि माती विकत आणायची? साहेब शांतपणे म्हणाले, की काळी माती फोटोत उठून दिसत नाही. आमचं सोडियम मोजायचं यंत्र एका सुट्या भागावाचून बंद पडलं होतं. तो भाग काही येईना, पण यंत्रासाठी काचेची खोली झाली, एसी बसला, जांभळ्या मखमलीचं झालर लावलेलं आच्छादन आलं. बंद यंत्राचा असा थाट मी दुसरीकडे कुठं पाहिला नाही. कुणी विचारलंच तर साहेब सांगायचे, "सध्या विश्रांती घेतंय."

यात त्यांचा स्वतःचा स्वार्थ शेंगदाण्याएवढाही नव्हता. घरी प्लास्टिकच्या खुर्च्या, अंगात विटका शर्ट. एकदा मात्र बोलता बोलता त्यांनी सांगितलं, की लहानपणी ते वडिलांबरोबर दौंडला एका सरकारी कचेरीत गेले होते. खिडकी एवढीशी आणि उन्हात रांग. वडिलांनी पायातल्या चपला काढून हातात घेतल्या होत्या, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. "मॅडम," साहेब म्हणाले, "सरकारच्या दारात माणूस पाहुण्यासारखा आला पाहिजे." मला वाईट वाटलं, आणि रागही आला. कारण पाहुण्यासारखा आलेला माणूस यंत्र बंद म्हणून हात हलवत परत जायचा.

इनामगावचे आप्पा त्यातलेच एक. शेवंतीची शेती. त्यांच्या नदीकडच्या वावरात पाणी दिलं की वर तळं साचायचं, खाली थेंब मुरायचा नाही. जमीन चोपण, म्हणजे सोडियम वाढून घट्ट, झाली असावी असा मला संशय होता, पण सोडियम मोजल्याशिवाय सांगणार कसं? आम्ही शेतकऱ्यांकडून ओंजळभर माती मागतो. सरकारला एवढीशी माती देणं आप्पांना बरं दिसेना, म्हणून त्यांनी अर्धं पोतं भरून आणली होती. रांजणगावला कंपनीत असलेला मुलगा त्यांच्या मागं लागला होता. "पोरगं म्हणतंय, वावर इकू आन् शिक्रापूरला खोल्या बांधू," आप्पा मला म्हणाले. "तुमचा कागुद आला तर त्याला थांबीवतो. न्हाई आला तर मी तरी काय बोलू?" ते दर आठवड्याला येत आणि कमानीतून आत येताना टोपी नीट करत.

अशात दिल्लीचे मोठे पाहुणे यायचे ठरले. साहेबांच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. व्हरांड्यात आम्ही शेतकऱ्यांची माती कागदावर पसरून सावलीत वाळवतो, तिच्या शेजारीच आप्पांचं पोतं होतं. साहेबांनी सजावटीच्या ठेकेदाराला बजावलं, की इथं माती दिसता कामा नये. मी घाईनं कागदावरचे नमुने आत नेले, पण पोतं उचलायला माणूस घेऊन येईपर्यंत ते गायब. ठेकेदाराच्या माणसांना तरी काय बोलणार? सजावटीतली मधली मोठी कुंडी भरायला त्यांना माती कमी पडत होती, आणि माती उचला असं खुद्द साहेबांनीच सांगितलं होतं.

फीत कापण्याऐवजी त्याच कुंडीला चांदीच्या गडूनं पाणी घालायचं, ही कल्पनाही साहेबांचीच. पाहुण्यांनी पाणी घातलं. पाणी वरच थांबलं. साहेबांनी डोळ्यांनी खुणावलं तसं त्यांनी आणखी घातलं. पाणी काठावरून ओसंडलं आणि गढूळ ओघळ लाल गालिच्यावरून पाहुण्यांच्या बुटांत गेला. तेवढ्यात मागून, नेहमीच्या फेरीला आलेल्या आप्पांचा आवाज आला.

"सायब, ही माझी माती हाय. माझ्या वावरात बी असंच व्हतं."

साहेब जराही डगमगले नाहीत. चोपण जमिनीचं हे प्रात्यक्षिक आम्ही मुद्दाम ठेवलंय, असं त्यांनी पाहुण्यांना सांगितलं. पाहुण्यांनी ओल्या बुटांतच उभं राहून टाळ्या वाजवल्या. पण त्यांची गाडी कमानीबाहेर पडली आणि साहेब व्हरांड्याच्या पायरीवर आप्पांच्या शेजारी मटकन बसले. मग मला हळूच विचारलं, "मॅडम, आज आपली शोभा झाली ना?"

"झाली, सर."

त्याच दुपारी सुटाबुटात ते इनामगावला गेले. स्वतःच्या हातानं खड्डा घेऊन नवी माती काढली आणि आपल्या गाडीनं पुण्याच्या प्रयोगशाळेत धाडली. अहवाल आला: जमीन चोपण, जिप्सम घाला, कडेनं चर काढा, रान सुधारेल. आप्पांच्या मुलानं कागद दोनदा वाचला आणि खोल्यांचं पुढं ढकललं. त्या वर्षी पडदे बदलले नाहीत, यंत्राचा भाग मात्र आला. साहेबांनी ती कुंडी आपल्या खोलीच्या दाराशी ठेवली. तिच्यात रोज थोडं जिप्सम आणि पाणी घालून ते पाणी मुरण्याची वाट बघत उभे राहायचे, लहान मूल झोपण्याची वाट बघावी तसे.

आता त्यांची बदली झाली आहे. नवे साहेब काटकसरी आहेत. यंत्र चालतं, अहवाल वेळेवर जातात, आणि शेतकऱ्यांसाठी बाहेरच्या भिंतीला एक खिडकी पाडली आहे. आत गर्दी नको म्हणून. कमानीचा रंग उडालाय आणि एका हत्तीची सोंड गळून पडली आहे.

परवा दसऱ्याच्या आदल्या दिवशी आप्पा आले. नदीकडच्या वावरातल्या शेवंतीचा हार घेऊन उन्हात खिडकीशी उभे होते. मी बाहेर गेले. साहेबांची बदली झाल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं. ऐकून त्यांनी हातातल्या हाराकडे बघितलं. मग म्हणाले, "आता हार कुणाला घालू?"

त्यांनी टोपी नीट केली, कमानीपाशी गेले आणि तुटक्या सोंडेच्या हत्तीच्या गळ्यात तो हार घातला. "त्यास्नी शोभा लागायची," ते म्हणाले. मला साहेबांची फार आठवण आली. आत येऊन मी कुंडीला पाणी घातलं. मातीनं ते हळूहळू सगळं पिऊन घेतलं.